पाऊण तोळ्याचा डूख

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणारी नाही. सोन्याची आहे म्हणजे स्वभावही सोन्यासारखा असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. मी एक जुनी मोहर. वजनाला पाऊण तोळा, आणि डूख धरण्यात कुठल्याही नागिणीला हार न जाणारी. माझ्या तोंडावर दोन रेघा आहेत, नीट बघा. त्या ज्याने ओढल्या त्या माणसाची ही गोष्ट आहे. माझी म्हणून सांगते, पण खरी त्याचीच आहे.

माझा जन्म १९९२ सालचा, समुद्रापलीकडच्या एका टांकसाळीतला. बाजारात हातोहात फिरणारी नाणी एका ठोक्यात निघतात आणि पोत्यात पडतात. मी तसली नाही. मी प्रूफ नाणं. म्हणजे आधी सोन्याची चकती घासून घासून आरशासारखी करायची, ठसाही तसाच घासायचा, आणि मग एकदा नाही, दोनदा दाबायचं. माझं अंग एवढं लख्ख होतं, की बघणाऱ्याला स्वतःच्या मिशीचा केस न् केस दिसावा. मधोमध एक बगळा, एका पायावर उभा, आणि तेवढाच मंद, दव पडल्यासारखा. मला घडवणाऱ्या माणसानं मला चिमट्यानं उचललं होतं. माणसाचं बोट असं अंगाला लागलंच नव्हतं. माझ्यासोबत दोन चांदीच्या बहिणी, त्यांच्यावर मासा आणि कासव. आम्हा तिघींना काचेसारख्या पारदर्शक डब्यांत बसवून निळ्या मखमलीच्या पेटीत ठेवलं. असा आमचा संच झाला.

तिथून आम्ही मस्कतला आलो, एका बँकेच्या काचेच्या कपाटात. त्या कपाटासमोर एक माणूस रोज उभा असायचा. खाकी कपडे, ताठ पाठ, बुटाला अशी पॉलिश की आम्हीही माना वळवून बघावं. हे सुभेदार नाथाजी. साताऱ्याकडचे, कोरेगावजवळच्या गावचे. फौजेतून पेन्शनीत आले आणि चार पैसे गाठीला मारायला मस्कतला पहारेकरी झाले. तिथले बाकीचे लोक पगार झाला की टेपरेकॉर्डर घ्यायचे, घोंगडीएवढी ब्लँकेटं घ्यायचे. नाथाजींनी १९९० साली एक नाण्यांचा संच घेतला. एक्याण्णवला दुसरा घेतला. आणि ब्याण्णवला मला.

लोक त्यांना वेड्यात काढायचे. "सुभेदार, सोनंच घ्यायचं तर बांगड्या घ्या की, बायको तरी खूश हुईल!" नाथाजी हसायचे. म्हणायचे, "बांगडी समदीकडंच मिळतीया. ह्यो बगळा कुठं मिळतोय?" परेडचे पांढरे हातमोजे घालून ते मला कडेला धरायचे, उजेडात जरा तिरकी करायचे आणि बघत बसायचे. दरवर्षी एक संच घ्यायचा, म्हातारपणापर्यंत ओळ तुटू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कौतुक मला नवीन नव्हतं, पण सांगते तुम्हाला, असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

त्याच वर्षाअखेरीस नाथाजी कायमचे गावी परतले आणि आम्हीही आलो. घरात चंद्राबाई, त्यांची बायको. तिनं पेट्या बघितल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "छान हाय की वं. पर घालायचं कवा?" बिचारीचं काही चुकलं नाही. तिचं माहेर आटपाडीचं. आटपाडी, विटा, खानापूर ह्या सांगलीकडच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. मद्रास म्हणू नका, अमृतसर म्हणू नका, देशात कुठल्याही सराफ पेठेच्या बोळात जा, आटपाडीकडचा एखादा दादासो भट्टी पेटवून बसलेला दिसेल. चंद्राबाईचा धाकटा भाऊ उदयसिंह कोईमतूरला होता. सोनं म्हटलं की ह्या लोकांच्या डोळ्यांपुढं भट्टीच येते. त्यांच्या लेखी मी म्हणजे अजून न वितळलेलं सोनं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेला उदयसिंह आला. सिल्कचा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बोलण्यात मधूनमधून तमिळ शब्द. मटणाचं जेवण झालं, पाहुणे पान लावत बसले, आणि नाथाजींनी हौसेनं आमच्या पेट्या सगळ्यांना दाखवल्या. उदयसिंहानं लांबूनच नाक उडवलं. "दाजी, ह्येच्यात घडणावळीचं पैसं पाण्यात गेलं बघा. सोनं ते सोनं. बगळा काढला म्हणून काय जास्त वजन भरतंय व्हय?"

नाथाजी जेवणाच्या भरात बोलून गेले, "पाव्हणं, तुमा गलाईवाल्यांस्नी सोनं वितळवाय येतंय, बघाय येत न्हाई!"

सगळे खो खो हसले. मस्करीच होती, भाऊजी-मेव्हण्यात चालते तशी. पण मी उदयसिंहाचं तोंड बघत होते. तो हसला नाही. पानाला चुना लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला गेले. उदयसिंह चंद्राबाईला म्हणाला, "आक्का, ती मोहर बघू की जरा. काल लांबनं नीट दिसली न्हाई." भावानं मागितलं, तिनं कमरेची किल्ली काढून दिली. त्यानं माझा डबा नखानं उघडला. बोटांना तेल होतं, नुकतीच कडबोळी खाल्लेली. आणि मग खिशातून काढला कसाचा दगड, काळा, गुळगुळीत. तुम्हाला माहीत असेल, सोनं खरं की खोटं ते कळायला असल्या दगडावर घासून रेघ ओढतात. घासायचं असेल तर कडेला घासतात. जाणता माणूस कडेलाच घासतो. ह्यानं मला पालथी केली आणि तोंडावर दाबून ओढली. बगळ्याच्या मानेपासून पायापर्यंत!

हात झडोत मेल्याचे! असं तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते.

दगडावर माझी पिवळीधमक रेघ उठली. तिच्याकडे एक नजर टाकली की लहान पोरानंही सांगितलं असतं. उदयसिंहानं बघितली. त्याला कळलं. चोख सोनं म्हणजे काय ते त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच कळत नव्हतं. पण काल चारचौघांत त्याचं हसं झालं होतं, ते त्याच्या पोटात मुरत होतं. त्यानं अंगठ्यानं रेघ पुसली, मला डब्यात कोंबलं आणि संध्याकाळी नाथाजी आल्यावर, पाहुणे बसलेले बघून म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घिऊ नका. तुमची मोहर पितळ हाय. वरनं मुलामा. मस्कतवाल्यांनी तुमाला टोपी घातली."

"पर त्यांचा कागुद हाय की. शिक्का हाय," नाथाजी म्हणाले.

"कागुद कुणीबी छापतंय. म्या दगडावर घासून बघितलीया. आता माझ्यापेक्षा दगडावर तरी इस्वास ठिवा."

नाथाजींनी पेटी उघडली. माझ्या तोंडावरची रेघ बघितली. ज्या माणसानं बर्फात पाय गमावता गमावता पहारा केला होता, त्याचा चेहरा एवढासा झाला. उदयसिंह मऊ आवाजात म्हणाला, "द्या माज्याकडं. गुपचूप इल्हेवाट लावतो. गावात बोभाटा नगं." तेव्हा मात्र नाथाजींनी पेटी पोटाशी धरली. "खोटी असली तरी माझी हाय," म्हणाले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या सराफाला दाखवायची. अहो, दाखवायची म्हणजे पुन्हा घासायची, आणि पितळ निघाली तर साऱ्या साताऱ्यात शोभा. शिवाय मेव्हणा गलाईवाला. ह्या धंद्यात माणसं किलोकिलोचा माल एकमेकांच्या शब्दावर टाकून जातात. त्याचा शब्द खोटा असेल, हे नाथाजींच्या डोक्यातच आलं नाही. ह्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. एवढे महिने मला बघितलं, तिरकी करून, उजेडात धरून, आणि एका माणसाच्या एका वाक्यावर माझ्यावरचा विश्वास उडाला!

नाथाजींचा फक्त माझ्यावरचा नाही, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला. बाजारात दुकानदारानं नोट परत दिली की दोनदा उजेडात धरून बघायचे. भाजी घेतानाही चंद्राबाईला विचारायचे, "ताजी हाय न्हवं गं?" मस्कतच्या मित्रानं निरोप धाडला, नवा संच आलाय, पाठवू का? त्यांनी नको कळवलं. पुढल्या वर्षीही नको. त्याच्या पुढल्या वर्षी मित्रानं विचारलंच नाही. ओळ तुटली. आमच्या पेट्या कपाटाच्या तळाला, जुन्या स्वेटरांखाली गेल्या. परेडचे हातमोजे चंद्राबाईनं दिवा पुसायला घेतले.

त्या अंधारात माझ्या चांदीच्या बहिणी काळवंडत होत्या आणि मला म्हणत होत्या, "विसर आता." मी कशाला विसरते! मी सोनं आहे, मला गंज चढत नाही, माझ्या रागालाही नाही. तो माणूस स्वतःच्या तोंडानं मला चोख म्हणेपर्यंत मी शांत होणार नाही, हे मी त्या स्वेटरांखाली पडल्या पडल्या ठरवलं. मला हात नाहीत, पाय नाहीत, मान्य आहे. पण वाट बघायला हातपाय कुठं लागतात?

आणि उदयसिंह गप्प बसला असता तरी ठीक होतं. त्याला चटक लागली. लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, चार माणसं जमली की ह्याचं सुरू, "काय दाजी, मस्कतचं पितळ काय म्हणतंय?" माणसं हसायची. नाथाजीही हसल्यासारखं करायचे. चंद्राबाई मात्र खाली बघायची. किल्ली तिनं दिली होती ना.

मग सत्त्याण्णव सालचा मे महिना उजाडला. आटपाडीला आप्पासोंच्या नातीचं लग्न होतं. आप्पासो म्हणजे त्या पट्ट्यातले सगळ्यात जुने गलाईवाले. निम्म्या पोरांना भट्टीपुढं बसायला त्यांनीच शिकवलेलं. घराला कुलूप लावून दोघं जाणार, आणि तेव्हा गावात चोऱ्या फार होत होत्या. म्हणून चंद्राबाईनं दागिन्यांबरोबर आमच्या पेट्याही पिशवीत घातल्या. अशी मी आटपाडीला पोहोचले.

मांडवात ऊन मरणाचं. अक्षता पडल्या होत्या, पंगतीला वेळ होता. देशभरातून आलेले गलाईवाले सतरंजीवर बसून सरबत पीत होते. कुणी गुवाहाटीचा, कुणी कोचीनचा, कुणी लुधियानाचा, आणि बोलणं सगळं आटपाडीचं. नाथाजी एका कडेला बसले होते. उदयसिंहानं त्यांना बघितलं आणि लांबूनच आवाज दिला, "या दाजी! मस्कतचं पितळ आणलंय का आहेराला?"

हशा उठला. पण ह्या वेळी बायकांच्या बाजूनं चंद्राबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, पिशवी घेऊन सरळ पुरुषांच्या सतरंजीपाशी आली आणि पेटी आप्पासोंच्या पुढं ठेवली.

"उदा, चार वर्सं झाली, तुझी ह्यीच रडकथा. आज दाव समद्यास्नी. हितं सगळी जाणती माणसं बसल्यात."

नाथाजी धडपडत उठले. त्यांनी माझ्यावर पंजा ठेवला. "आगं, खुळी का तू? ठेव ती आत. अजून एक रेघ नगं हिच्या अंगावर. खोटी म्हणत्यात तर म्हणू दे."

मित्रांनो, त्या क्षणी मी आतून किंचाळत होते. हात काढा, नाथाजी! घासू द्या! अंगभर घासू द्या! चकचकीत राहून कपाटात कुजण्यापेक्षा ते परवडलं. पण माझं ऐकतो कोण.

आप्पासो म्हणाले, "सुभेदार, हात काढा. बघू तर खरं." आणि त्यांनी दगडासाठी हात पुढं केला. उदयसिंहाच्या कपाळावर घाम आला. म्हाताऱ्याच्या हाती मी लागले तर संपलंच, हे त्याला कळत होतं. तो पटकन पुढं झाला. "आप्पासो, तुमी कशाला हात घाण करताय? म्या दावतो की." खिशातून दगड काढला, मला उचललं आणि दुसरी रेघ ओढली. पहिलीला आडवी. दगड कुणापुढं धरलासुद्धा नाही, लगेच रुमालानं पुसून टाकला. "बघितला रंग? पितळ हाय पितळ!" म्हणाला.

आणि बोलता बोलता त्यानं काय केलं माहीत आहे? दगड पुसलेली बाजू आत घेऊन रुमालाची घडी घातली. परत एक घडी. आणि तो शर्टाच्या आतल्या, बटनाच्या खिशात ठेवला, वर बटन लावलं.

आप्पासो सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाले, "उदयसिंह, रुमाल कुठं ठिवलास रं?"

"खिशात."

"कुठल्या?"

त्याचा हात आपसूक बटनाकडं गेला.

"आतल्या खिशात. घडी घालून, बटन लावून." आप्पासोंनी सगळ्यांकडं बघितलं. "पितळ पुसल्याला रुमाल आतल्या खिशात ठेवणारा गलाईवाला मी उभ्या जन्मात बघितला न्हाई गड्या."

आता तुम्हाला सांगते, ह्या लोकांची सवय काय असते. गलाईच्या दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत. जमिनीवरची धूळ, हात पुसलेली फडकी, फाटकी सतरंजी, सगळं साठवून ठेवतात आणि जाळून राखेतून कणकण सोनं काढतात. सोन्याचा हात ज्याला पुसला ते फडकं आपोआप घडी होऊन आत जातं. त्याला डोकं लागत नाही, हातच करतो. पितळ पुसलं असतं तर त्यानं रुमाल झटकला असता. मांडवात बसलेल्या एकूण एक माणसाला ते ठाऊक होतं. आधी एक जण फिसकन हसला. मग गुवाहाटीवाला मांडीवर थाप मारत ओरडला, "आरं, हाताला सांगायचं राहिलं की रं ह्याच्या!" आणि मग सगळा मांडव असा हसला, की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले.

चार वर्षं ऐकलेलं हसू आता त्याच्याकडं वळलं होतं. मला विचारा कसं वाटलं. थंडगार वाटलं! त्याचे कान लाल झाले. "मस्करी केली वं, दाजी. तुमी लगीच मनावर घेताय," असं काहीतरी पुटपुटत तो उठला. तेव्हा नाथाजी बोलले, परेडवर बोलावं तसं.

"रुमाल ठिवून जा. माझं सोनं हाय त्यात."

त्यानं बटन काढलं. रुमाल ठेवला. आणि मांडवातनं न जेवता गेला. पंगतीतली ती माणसं आठवडाभरात आपापल्या गावी पांगली, आणि त्यांच्याबरोबर ही हकिगतही गेली. कोईमतूरच्या पेठेत ती त्याच्या आधी पोहोचली म्हणतात. ज्याच्या शब्दावर माणसं माल टाकून जायची, त्याच्यापुढं आता माणसं उभी राहून माल मोजून घेऊ लागली. बरं झालं.

पण माझं पोट भरलं नव्हतं. "मस्करी केली" म्हणाला होता तो. चोख म्हणाला नव्हता. आणि नाथाजी घरी येऊन मला हातात घेत, दोन रेघांवरून नजर फिरवत आणि पुन्हा पुन्हा चंद्राबाईला विचारत, "खरी असंल न्हवं गं? का आप्पासोंनी माझी लाज राखली?" म्हणजे कीड अजून आत होतीच.

दिवाळी आली. उदयसिंहानं दसऱ्यालाच कळवलं होतं, ह्या वर्षी यायला जमणार नाही. चंद्राबाईनं उलटा निरोप धाडला, "भाऊबिजेला आला न्हाईस, तर तुझा पाट मी कायमचा उचलून ठिवीन." मग तो आला. सिल्कचा शर्ट नव्हता. पाटावर बसला, टोपी घातली, मान खाली.

चंद्राबाईनं ताट केलं. निरांजन, अक्षता, सुपारी. औक्षणात सुपारीबरोबर सोन्याची अंगठी ओवाळतात, तुमच्याही घरी ओवाळत असतील. तिनं बोटातली अंगठी काढली आणि बाजूला ठेवली. नाथाजींना म्हणाली, "आवं, ती मोहर द्या." नाथाजी चकित झाले, पण त्यांनी पेटी उघडली आणि मला कडेला धरून तिच्या चिमटीत दिलं.

तिनं मला उचललं आणि भावाच्या तोंडाभोवती फिरवायला सुरुवात केली. निरांजनाचा उजेड माझ्यावर पडत होता. मी त्याच्या डाव्या कानाजवळून गेले, कपाळावरून गेले, उजव्या कानाशी आले, आणि तिथं तिचा हात थांबला.

"ववाळाया सोनं लागतंय, उदा," ती म्हणाली. "खोट्यानं भावाला ववाळलं तर त्येचं बरंवाईट हुतंय, असं मला तरी वाटतंय. तू जाणता हायस. सांग, ह्ये चालंल का?"

तो ताटातल्या सुपारीकडं बघत राहिला. तिनं हात खाली घेतला नाही. निरांजन फडफडत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात दगडासारखा. नाथाजी भिंतीला टेकून उभे होते.

"चोख हाय, आक्का," उदयसिंह म्हणाला. "पहिल्या दिवसापास्नं चोख हाय. मला ठावं हुतं, दाजी. मला ठावं हुतं."

नाथाजी खाली बसले. जमिनीवरच. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, फौजी माणूस, लहान पोरासारखा. चंद्राबाईनं ओवाळणं पुरं केलं, भावाच्या तोंडात करंजी घातली आणि मला परत पेटीत ठेवलं.

तिनं त्याला माफ केलं असेल. ती बहीण आहे. नाथाजींनीही केलं, माणसं अशीच मऊ असतात. मी केलेलं नाही. माझ्या बगळ्याची मान मोडलीय ती कुठली करंजी जोडणार? त्र्याण्णवपासूनचे संच आलेच नाहीत, त्या रिकाम्या जागा कपाटात तशाच आहेत.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी एखादी वस्तू जिवापाड जपत असेल, तर ती तुम्हाला कितीही फालतू वाटो, विचारल्याशिवाय तिला बोट लावू नका. लावलंतच, तर कडेला धरा. आणि जे खरं आहे त्याला चारचौघांत खोटं म्हणू नका, मस्करीतसुद्धा नाही. म्हणालात तर म्हणा बापडे. पण आम्ही वस्तू फार वर्षं टिकतो, आणि उदयसिंह अजून दर भाऊबिजेला ओवाळून घ्यायला येतो. चंद्राबाई अंगठी बाजूला ठेवते आणि मला घेते. त्याच्या उजव्या कानाशी आले की मी मुद्दाम थांबते.